घरत मॅडमचा कोर्स

घरत मॅडमना कोणी काही शिकवायला सांगितलं, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कोणाला?"

प्राचार्य म्हणायचे, "मॅडम, शुक्रवारी शिबिराच्या मुलांना पर्यावरणावर जरा बोला." मॅडम विचारणार, "कुठल्या मुलांना सर? कोळीवाड्यातली किती, डोंगराकडची किती?" प्राचार्य वैतागायचे. "अहो, मुलं ती मुलं. तुम्ही बोला ना." मग शुक्रवारी मॅडम वर्गाच्या दाराशी उभ्या राहायच्या, आत शिरणाऱ्या प्रत्येकाला गाव विचारायच्या, आणि फळ्यापर्यंत चालत जाताना काय बोलायचं ते ठरवायच्या. स्टाफरूममध्ये त्यांना मागून 'कोणाला मॅडम' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा मलाच म्हणाल्या, "नाव बरं ठेवलंय. निदान प्रश्न तरी लक्षात राहिला."

आमचं कॉलेज मुरुडच्या अलीकडे, एका खाडीच्या वर टेकडीवर. मी तिथे ग्रंथपाल. घरत मॅडम भूगोल शिकवायच्या. मूळच्या उरणकडच्या, मिठागरात राबणाऱ्या आगरी घरातल्या. त्यांच्या वडिलांच्या हाताखालची मिठागरं गेली आणि त्या जागी कंटेनरच्या थप्प्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्या कॉलेजात शिकत होत्या. त्या म्हणायच्या, "आमच्या पुस्तकात 'भूमी-उपयोजनातील बदल' असा धडा होता. मी खिडकीतून तो बदल बघत बघत पाठ केला."

बुटक्या, अंगाने भक्कम, कपाळाला मोठं कुंकू, साडीखाली पुरुषी चामडी बूट. खडकांवर चालायला चपला चालत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. खांद्यावरच्या झोळीत छत्री, दोरी आणि डब्यात तांदळाची भाकरी नि सुकट. डबा उघडला की वाचनालयातली दोन-तीन माणसं उठून जायची. मी मात्र त्यांच्यासमोर बसायची. वर्गात त्यांची भाषा शुद्ध, अगदी पुस्तकी. पण चिडल्या की किंवा खूश झाल्या की आगरी फुटायची. "मना न्हाय पटत" असं त्या म्हणाल्या, की पुढे कोणी काही बोलायचं नाही.

त्या तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे दर पावसाळ्यात नव्याने नेमणूक, उन्हाळा आला की संपली. कायमची जागा निघणार, निघणार, असं मी कॉलेजात आल्यापासून ऐकत होते. मॅडम माझ्याही आधीपासून ऐकत होत्या. एका वाडीतल्या भाड्याच्या खोलीत त्या आणि त्यांची म्हातारी आई राहायच्या. लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

टाळेबंदी आली आणि कॉलेज मोबाईलवर गेलं. प्राचार्यांनी फर्मान काढलं, नेहमीच्या वेळापत्रकाप्रमाणे नेहमीचे तास, फक्त पडद्यावर. पहिल्याच आठवड्यात आमचे इतिहासाचे सर नेट गेलेलं न कळल्यामुळे अख्खा तास एकटेच बोलत राहिले. शेवटी "काही शंका?" असंही त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सावंतबाई, नेट असतं तरी काय फरक पडला असता? पडद्यावर सगळे काळे चौकोन. त्या चौकोनामागे कोण बसलंय ते सरांना माहीत होतं का?"

त्यांनी तास घ्यायला सरळ नकार दिला. आधी मला पोरांशी बोलू द्या, म्हणाल्या. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला त्यांनी फोन लावला आणि तेच तेच विचारलं. फोन कोणाचा आहे? रेंज कुठे मिळते? घरातलं काम कधी संपतं? कोणी बापाच्या फोनवर होतं आणि बाप होडी घेऊन समुद्रात. कोणाला रेंज फक्त देवळाच्या मागच्या कातळावर. नसीमा नावाची मुरुडची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, फोन एक आणि आम्ही चार भावंडं. मला जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजानंतर मिळतो, तो पण अम्मीची झोप होईपर्यंत." डोंगराकडच्या एका वाडीतली दीपाली म्हणून मुलगी होती. ती फोनवर आधी काही बोलेचना. मग हळूच म्हणाली, "मॅडम, शाळेच्या ओट्यावर यावं लागतं. उभं राहिलं तर आवाज येतो, बसलं तर जातो."

"मग उभं राहूनच ऐकायचं असेल तर किती वेळ ऐकशील?" मॅडमनी विचारलं.

दीपालीने विचार करून सांगितलं, "भरला हंडा डोक्यावर घेऊन जेवढं उभं राहता येतं तेवढा."

मॅडमनी तेच माप धरलं. पुढे कोणी विचारलं, धडा किती मिनिटांचा असावा, तर त्या म्हणायच्या, "डोक्यावर भरला हंडा आहे असं समजा आणि बोला."

तेवढ्यात ते जूनचं वादळ आलं. वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले, टॉवर मेले. कित्येक आठवडे आमच्याकडे दिवे नव्हते. शहरातले प्राध्यापक तेव्हा पडद्यावर कशी पाटी वापरायची त्याची प्रशिक्षणं घेत होते. मॅडमनी मला म्हटलं, "बरं झालं. आता नेटवर भरवसा ठेवून काही आखायची चूकच होणार न्हाय."

मग त्या वाचनालयात आल्या. मी मोठ्या टेबलावरची पुस्तकं हलवून दिली. त्यांनी कोरे कागद पसरले आणि उजव्या टोकाचा शेवटचा कागद पहिल्यांदा उचलला. मला वाटलं, चुकून उचलला.

"शेवटापासून लिहितेय," त्या म्हणाल्या. "वर्ष संपल्यावर हे पोरगं आपल्या गावच्या खाडीवर उभं राहिलं तर त्याला काय दिसायला पाहिजे? ते आधी ठरवायचं. मग ते दिसायला त्याच्या आदल्या आठवड्यात काय कळलेलं पाहिजे. मग त्याच्या आदल्या. असं मागे मागे येत पहिल्या दिवसापर्यंत यायचं. आजवर मी पहिल्या पानापासून सुरुवात करत आले आणि परीक्षा आली की थांबत आले. पोरं कुठे पोचली ते बघितलंच न्हाय."

त्या टेबलावर त्यांनी आपल्या जुन्या नोट्सची अक्षरशः कत्तल केली. प्रत्येक धड्यावर बोट ठेवून विचारायच्या, "हे नसलं तर काय अडेल?" काहीच अडणार नसेल तर तो कागद बाजूला. प्राचार्यांना कळलं, ते धावत आले. "मॅडम, सिलॅबस आहे विद्यापीठाचा. त्यातलं गाळता येणार नाही."

"गाळत न्हाय सर. जे पुस्तकात वाचून समजेल ते पुस्तकात वाचतील, पानं सांगते मी. जे माझ्याशिवाय समजणार न्हाय तेवढंच मी बोलते."

शेवटी ठरलं ते असं. प्रत्येक आठवड्याला एक छोटा धडा, नुसता आवाज. फोनवर सहज उतरेल असा, एकदा उतरला की नेट नको. सोबत हाताने काढलेलं एक चित्र. मग घराबाहेर पडून करायचं एक काम. आणि त्या कामावर एकच प्रश्न, त्याचं उत्तर लिहून किंवा बोलून पाठवायचं. एका वस्तीतली मुलं एका गटात, कारण एका गटात एक तरी फोन असतोच. आणि रविवारी मॅडमचा फोन, प्रत्येकाला. त्या फोनवर त्या शिकवायच्या नाहीत. "काय अडलं?" एवढंच विचारायच्या आणि गप्प बसायच्या.

धडे त्यांनी वाचनालयातच बोलून भरले. पुस्तकांच्या कपाटांमध्ये आवाज घुमत नाही, म्हणून मधल्या बोळात स्टुलावर बसायच्या. मी दारं लावून बाहेर बसायची. एकच धडा पुन्हा पुन्हा बोलायच्या. एकदा भरती-ओहोटीचा धडा बोलून झाला, त्यांनी तो ऐकला आणि कपाळावर हात मारला.

"काय झालं?"

"'कळलं का?' असं विचारलंय मी. समोर कोणी न्हाय आणि विचारतेय कळलं का! वर्गातली सवय." त्यांनी तो धडा पुसून टाकला. नव्याने बोलल्या तेव्हा त्या जागी म्हणाल्या, "आता थांबा. माझं बोलणं बाजूला ठेवा. डोळे मिटून बघा, शेवटचं पाणी तुम्ही कुठे पाहिलं होतं, कुठल्या दगडापर्यंत." आणि मग खरंच थांबल्या. त्या धड्यात बराच वेळ नुसती शांतता आहे. लांबून एक कोंबडा ओरडतो, तोही त्यांनी राहू दिला.

त्या वर्षी जी उत्तरं आली ती मॅडम मला वाचून दाखवायच्या, बोलून पाठवलेली ऐकवायच्या. नसीमाने बापाला विचारून भांगाची भरती आणि उधाणाची भरती यांतला फरक सांगितला होता. अष्टमीच्या आसपास पाणी कसं आळसावतं आणि अमावास्येला कसं अंगावर येतं, ते तिने असं सांगितलं की मला तिच्या बापाच्या जाळ्याचा वास आला. दीपालीच्या वाडीखाली खाडीकाठची भातखाचरं होती. तिने बांधापाशी एक बांबू रोवला आणि रोज पाणी कुठवर चढतं त्याची खूण केली. एक दिवस तिचा आवाज आला, धापा टाकत, "मॅडम, बांध फुटणार. उधाणाचं पाणी वरच्या खुणेच्या वर गेलंय. मी बाबांना सांगितलं, ते ऐकत नव्हते. मग मी बांबू दाखवला. आता सगळी माती टाकतायत." मागे माणसांचा गलका, फावड्यांचा आवाज.

मॅडमनी ते ऐकलं, फोन टेबलावर ठेवला, आणि आगरीत म्हणाल्या, "बग सावंतबाय, पोरीला पानी दिसाया लागला!"

त्यांना इतकं खूश मी त्याआधी पाहिलं नव्हतं. नंतरही नाही.

कॉलेज उघडलं तरी मॅडमनी कोर्स टाकून दिला नाही. धडा घरी ऐकायचा आणि वर्गाच्या वेळी खाली खाडीवर जायचं, असं त्यांनी केलं. दोरी, छत्री, बूट, आणि मागे पोरांची रांग. दोन-तीन वर्षं असं चाललं. दीपाली तर भूगोलच घेऊन बसली. बी.ए. झाली, एम.ए.ला अलिबागला जायला लागली. "मला तुमच्यासारखं व्हायचंय," असं तिने मॅडमना सांगितलं तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, "माझ्यासारखं नको गं बाय. कायमची हो."

मग आमच्या संस्थेच्या मोठ्या साहेबांच्या कानावर हा कोर्स गेला. संस्थेची तीन कॉलेजं. साहेब एक दिवस गाडीतून आले, मॅडमचे धडे ऐकले आणि भर सभेत त्यांना शाल-श्रीफळ दिलं. "ग्रामीण भागात असं काम! हे आपण तिन्ही कॉलेजांत नेऊ या." मॅडमची आई पहिल्या रांगेत बसली होती. नवं लुगडं नेसून आली होती. मिठागरात उभं राहून तिच्या पायांची कातडी जाड झाली होती, म्हणून ती एकसारखी पाय लुगड्याखाली घेत होती.

साहेबांच्या सांगण्यावरून मॅडम पनवेलच्या स्टुडिओत जाऊन सगळे धडे कॅमेऱ्यासमोर पुन्हा बोलल्या. जाताना आनंदात होत्या. त्यांनी साहेबांना एवढंच सांगितलं होतं की प्रत्येक कॉलेजात धड्यासोबत रविवारचा फोन आणि खाडीवरचं काम राहिलं पाहिजे, आणि त्यासाठी माणूस पाहिजे. साहेब म्हणाले होते, "अर्थातच, अर्थातच."

धडे तयार होऊन आले. मोठा रंगीत पडदा, संगीत, मॅडमच्या मागे निळा समुद्र. भरतीचा धडा लावला. "आता थांबा," मॅडम पडद्यावर म्हणाल्या, "डोळे मिटून बघा, शेवटचं पाणी तुम्ही कुठे पाहिलं होतं, कुठल्या दगडापर्यंत," आणि लगेच, श्वासही न घेता, पुढचं वाक्य.

मॅडमनी स्टुडिओत फोन लावला. पलीकडचा माणूस सहजपणे म्हणाला, "मॅडम, मधे मधे खूप गॅप येत होत्या. सगळ्या कट केल्या. आता कसं टाइट झालंय."

"त्या गॅप न्हवत्या," मॅडम म्हणाल्या. मग "जाऊ दे," म्हणाल्या आणि फोन ठेवला. 'जाऊ दे' हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

पुढच्या पावसाळ्यात नेमणुका झाल्या. भूगोलाची झाली नाही. प्राचार्यांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं, मलाही बोलावलं. एकट्याने सांगायचा धीर नसावा. माणूस वाईट नव्हता. टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाला, "संस्थेने असं ठरवलंय की भूगोल आता तिन्हीकडे ऑनलाइनच. बाकीच्या दोन कॉलेजांतल्या तासिकावाल्यांनाही या वर्षी नाही."

"मग शिकवणार कोण?" मॅडमनी विचारलं.

"तुम्हीच की, मॅडम." ते खरोखर समजूत घालायला बोलले. "तुमचाच कोर्स आहे. तुम्हीच शिकवताय."

मला वाटलं, आता आगरी फुटेल. पण त्या शुद्ध मराठीत म्हणाल्या, "बाकीच्या दोघांना माझ्यामुळे घरी जावं लागलं, असं त्यांना सांगितलंत का?"

"तुमच्यामुळे कसं? व्यवस्थेमुळे."

"नाव तर माझंच आहे पडद्यावर," मॅडम म्हणाल्या आणि उठल्या.

त्या दोघांपैकी एकाने खरंच त्यांना फोन केला. काय बोलला ते त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला, पण भाकरी तशीच राहिली.

एका सत्रापुरतं त्यांना उत्तरं तपासायचं काम दिलं, 'मार्गदर्शक' म्हणून. मुलांची उत्तरं संगणकावर यायची, मॅडमनी ती वाचून शेरा द्यायचा. त्या वाचनालयात माझ्या संगणकावर बसायच्या. खाडीवर उभं राहून ओहोटीच्या वेळी काय दिसतं ते लिहा, हा त्यांचा आवडता प्रश्न. एके दुपारी त्यांनी मला हाक मारली.

"हे ऐका. 'ओहोटीच्या वेळी खाडीचे सौंदर्य अधिकच खुलते. दूरवर दीपस्तंभ शांतपणे उभा असतो.' कुठल्या गावची आहे ही? डोंगराकडची. तिच्या गावातून दीपस्तंभ दिसतो?" मला हसू आलं. त्यांनी पुढचं उघडलं. "'ओहोटीच्या वेळी खाडी जणू एक वेगळेच रूप धारण करते. दूरवर दीपस्तंभ.' हा पण." त्या पुढे पुढे जात राहिल्या. दीपस्तंभ, दीपस्तंभ, सोनेरी वाळू, दीपस्तंभ. आमच्या खाडीला वाळू नाही, गुडघाभर चिखल आहे. माझं हसू केव्हाच थांबलं होतं.

"मोबाईलला विचारलं की तो लिहून देतो," मी म्हटलं. "हल्ली सगळेच तसं करतात."

"ते मना बी ठावं हाय." त्यांनी त्या दीपस्तंभवाल्या मुलीचा नंबर शोधला आणि फोन लावला. समोर ठेवून स्पीकरवर लावला, म्हणून मीही ऐकलं.

"मी घरत मॅडम बोलतेय. भूगोलाच्या."

पलीकडे गोंधळ. "कोण?"

"घरत मॅडम. तुझा कोर्स."

"अय्या!" मुलगी म्हणाली. "तुम्ही खऱ्या आहात?"

मॅडमनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात विचारलं, "तू खाडीवर गेली होतीस का गं?"

"नाही मॅडम." मुलगी प्रामाणिक होती. "म्हणजे, आम्हाला वाटलं कोणी वाचतच नाही. धडा पण रेकॉर्डिंग, पेपर पण कॉम्प्युटर तपासतो. मग आम्ही पण मोबाईलवरच काढतो. मॅडम, मार्क कापणार का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "अभ्यास कर."

त्यांनी फोन ठेवला. मी चहा मागवला. म्हणाल्या, "पोरीचं काही चुकलं न्हाय. समोर माणूस न्हाय म्हटल्यावर तिने तरी माणूस कशाला पाठवायचा?"

त्याच सुमाराला दीपाली आली. सेट परीक्षा पास झाली होती, पेढे घेऊन आली. वाचनालयातच मॅडमच्या पाया पडली. "मॅडम, आता मला शिकवता येईल. आपल्या कॉलेजात तासिकेवर तरी घेतील ना?"

मी पुस्तकांवर शिक्के मारत होते, मारतच राहिले. मॅडमनी तिला शेजारी बसवलं आणि सगळं सांगितलं, न लपवता. भूगोलाला आता माणूस घेत नाहीत. तिन्ही कॉलेजांत कोर्स चालतो. तो मीच केला. जो तू शाळेच्या ओट्यावर उभी राहून ऐकलास, तोच.

दीपालीचे डोळे भरले, पण मॅडमना वाईट वाटू नये म्हणून हसत म्हणाली, "मग बरोबरच आहे मॅडम. तुमच्यापुढे मला कोण घेणार?"

ती गेल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "मी तिच्या वाटेतली धोंड झाले." मी काहीतरी समजुतीचं बोलले. असल्या वेळी आपण जे बोलतो तेच.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांना भेटायला गेल्या. आल्या तेव्हा मी विचारलं. म्हणाल्या, "सांगितलं, माझे धडे काढून टाका. ते म्हणाले, 'मॅडम, धडे आता संस्थेचे आहेत.' चहा पाजला. मग मी म्हटलं, निदान कापलेल्या शांत जागा तरी परत घाला. ते म्हणाले, 'सांगतो टेक्निकल टीमला.'" त्या थोडं हसल्या. "लिहून बी घेतलं न्हाय त्यांनी."

सत्र संपलं तसं तपासायचं कामही संपलं. यंत्रच आता शेरे देतं. मॅडम आईला घेऊन उरणला भावाकडे गेल्या. जायच्या दिवशी मी एसटी स्टँडवर गेले होते. सामान फारसं नव्हतं. कॉलेजात इतकी वर्षं काढलेलं माणूस निघालं होतं, पण निरोप समारंभ होणार नव्हता. त्यांची नेमणूक मुळात दर वर्षी संपतच होती, मग निरोप कशाचा? आई गाडीत चढताना मला म्हणाली, "पोरीनं लय जीव लावला व्हता हो बाय." मॅडमनी तिला आत बसवलं आणि माझा हात नुसता दाबला.

त्यांचा फोन नंतर फारसा लागायचा नाही. लागला तरी "बरं चाललंय" यापुढे बोलणं जायचं नाही. दीपाली इकडेच एका लॉजच्या काउंटरवर बसते, पर्यटकांची ओळखपत्रं बघते. एकदा दिसली तेव्हा मॅडमची चौकशी करत होती. उरणला भावाकडे आहेत, एवढंच मी सांगितलं.

या हिवाळ्यात एका लग्नाला उरणकडे गेले होते. सकाळी परत निघाले, रस्त्याच्या कडेला रिक्षा शोधत उभी होते. दोन्ही बाजूंना कंटेनरच्या भिंती, त्यांच्यामधून ट्रेलर जात होते, धूळ उडत होती. तिथेच बायकांचा एक घोळका उभा होता, सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचं जाकीट, गळ्यात पट्ट्याला अडकवलेलं कार्ड. गोदामात कामाला जाणाऱ्या बायका. त्यांच्यात मॅडम होत्या.

मी हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं, ओळखलं, आणि दोन पावलं घोळक्याबाहेर आल्या.

"सावंतबाई. इकडे कुठे?"

"लग्नाला. तुम्ही?"

"हे काय, इथेच." त्यांनी मागच्या शेडकडे मान हलवली. "खोके येतात, त्यावर मशीन धरायचं, टीक वाजली की पुढे ढकलायचं. काम बरं हाय. उभं राहायचं. बोलायचं न्हाय."

मी आई कशी आहे विचारलं. "गेली पावसाळ्यात," त्या म्हणाल्या. "कळवायचं राहिलं." कुंकू लहान झालं होतं. केस एकदम पांढरे. मी म्हटलं, "पुस्तकं पाठवू का काही? भूगोलाची नवी आलीत."

"नको," त्या म्हणाल्या. "वाचायला घेतलं की झोप लागते."

बस आली. घोळका दाराशी दाटला. मॅडम त्यात शिरल्या, आत गेल्या, खिडकीपाशी जागा मिळाली त्यांना. मी खाली उभी होते, काचेपाशी. मला वाटलं, आता बघतील. त्यांनी पर्स मांडीवर घेतली, डोकं काचेला टेकवलं आणि बस हलण्याआधीच त्यांना झोप लागली. तोंड थोडं उघडं राहिलं होतं. शेजारची बाई त्यांना न उठवता आपली पिशवी पायांशी ठेवत होती.

बस कंटेनरच्या मधून वळून दिसेनाशी झाली. मागोमाग दुसरी बस येऊन थांबली, तसलीच, अर्धी भरलेली. ड्रायव्हरने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं.

"चढायचंय का ओ बाई?" तो म्हणाला. "नसेल तर बाजूला व्हा."